अंतर आकाशाचे, वेळ माणसाचा

मागच्या उन्हाळ्यात गावाकडे गेलो होतो. संध्याकाळी पारावर चार माणसे बसली होती. वरून एक विमान गेले. एका कास्तकाराने मला विचारले, "सर, नागपूरहून मुंबईला विमान दीड तासात जाते म्हणतात. मग आमचा पोरगा सकाळी घरून निघाला, तो संध्याकाळी मुंबईला कसा पोचला? बाकीचा दिवस कुठं गेला?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अंतर म्हणजे काय, ते कोणी मोजले, आणि अंतर कापायला लागणारा वेळ कसा कमी होत गेला, हा सगळा इतिहासच त्या प्रश्नात आहे. आज आपण त्याचाच हिशेब मांडू या.

प्रथम अंतराचे पाहू. मुंबईहून नागपूरला रेल्वेने गेलो तर ८३७ किलोमीटर पडतात. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. आणि मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत सरळ आकाशातून मोजले तर अंतर भरते सुमारे ६८० किलोमीटर. गावे तीच, पण अंतरे तीन. रेल्वेला कसारा घाट चढावा लागतो, भुसावळ-अकोल्याची वळणे घ्यावी लागतात. सडकेला डोंगर फोडावे लागतात. पाखराला आणि विमानाला यातले काही आडवे येत नाही. म्हणूनच आपल्याकडे जुनी माणसे म्हणतात की पाखराच्या वाटेने गाव जवळच असते.

पण विमानाची ही 'सरळ' वाटही खरी सरळ नसते. पृथ्वी गोल आहे. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट कोणती, हे शिक्षकबंधूंना वर्गात सहज दाखवता येईल. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवून दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क अगदी पश्चिमेला दिसते. पण ताणलेला दोरा उत्तर युरोपावरून वर चढतो आणि मग खाली उतरतो. मुलांना नवल वाटेल. कागदावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर लांबची ठरते, आणि गोलावरची जवळची वाट कागदावर कमान होऊन बसते. मुंबई-नागपूर हे अंतर त्या मानाने लहान, म्हणून तिथे हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. नियम मात्र तोच.

आता असे अंतर काढायचे तर दोन्ही गावांचे पृथ्वीवरचे नेमके ठिकाण माहीत पाहिजे. हे ठिकाण कोणी शोधले? या कामाचा इतिहास आपल्या दाराशीच घडलेला आहे, आणि आपल्याला त्याची फारशी आठवण नाही.

१८०२ सालच्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट या टेकडीपाशी विल्यम लँबटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जमिनीवर एक रेघ मोजायला घेतली. लांबी सुमारे १२ किलोमीटर. शंभर फुटांची पोलादी साखळी पुनःपुन्हा मांडत ती मोजावी लागली. उन्हाने पोलाद किती लांबते तेही हिशेबात धरावे लागे. या बारा किलोमीटरला जवळजवळ दोन महिने लागले. पण ही एक बाजू पक्की झाल्यावर पुढे साखळीचे काम फारसे उरत नाही. रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहायचे, कोन मोजायचे, आणि त्रिकोणाच्या गणिताने त्या टेकडीचे अंतर काढायचे. मग त्या टेकडीवरून पुढची टेकडी. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत लँबटन उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवावे लागे.

या त्रिकोणांची मुख्य माळ ७८ व्या रेखांशाच्या आसपास चालली होती. तो रेखांश आपल्या यवतमाळ शहराच्या थोडा पश्चिमेकडून जातो. म्हणजे कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत देश मोजणाऱ्या त्या रेघेच्या पट्ट्यातच आपला जिल्हा येतो. लँबटनला मात्र हिमालय दिसला नाही. हैदराबादकडून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे तो वारला. वय सत्तरीच्या घरात होते. वर्धा नदीपलीकडचे हे हिंगणघाट. आपल्या वणी-मारेगावच्या लोकांचे बाजाराचे गाव. नागपूर थोड्याच मजलांवर राहिले होते. पुढचे काम त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने हाती घेतले आणि १८४१ पर्यंत ती रेघ हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवली.

परक्या राज्यकर्त्यांनी ही मोजणी केली ती काही आपल्या सोयीसाठी नव्हे. जमीन ताब्यात ठेवायची तर ती आधी मोजली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. तरीही कोन धरणारे, साखळी ओढणारे, झेंडे घेऊन टेकड्यांवर उन्हात उभे राहणारे शेकडो लोक इथलेच होते. त्यांची नावे इतिहासात क्वचितच सापडतात. त्यांच्या श्रमाने जे आकडे जमले, त्यांच्या पायावर पुढे देशाचे नकाशे तयार झाले. आणि योगायोग पाहा. ज्या सेंट थॉमस माउंटपाशी ती पहिली रेघ मोजली गेली, त्याच्या शेजारीच आज चेन्नईचा विमानतळ आहे. उतरणारे विमान आता बारा किलोमीटर तीनेक मिनिटांत कापते.

अंतर मोजून झाले. आता वेळाकडे वळू.

हिंदुस्थानात विमानाने टपाल नेण्याचा पहिला प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेस झाला. आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. आज आपण हसू. पण विमानाने टपाल नेण्याची जगातली ती पहिलीच अधिकृत खेप मानली जाते. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणले. तिथून दुसऱ्या वैमानिकाने ते मद्रासकडे नेले. या वाटेत नागपूर नव्हते. विदर्भ अजून आकाशमार्गाच्या बाहेरच होता.

नागपूरचे दिवस पालटले ते स्वातंत्र्यानंतर. खरे म्हणजे दिवस नव्हे, रात्र म्हटली पाहिजे! ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. योजना किती साधी होती बघा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या तळावर उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईची विमानभर पत्रे तीन ठिकाणी वाटली जायची आणि तीन ठिकाणची पत्रे मुंबईच्या विमानात चढायची. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, पहाटे घरी. संध्याकाळी कलकत्त्याला पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत! १ एप्रिल १९४९ पासून तर देशातली पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. सुरुवातीला हे काम खासगी विमान कंपन्यांकडे होते. ऑगस्ट १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्स स्थापन झाल्यावर ते सरकारी सेवेकडे आले. ऑक्टोबर १९७३ पर्यंत नागपूरची ही मध्यरात्र जागती होती.

या कामासाठी नागपूरच का निवडले? उत्तर अंतरात आहे. सोनेगावपासून मुंबई सरळ वाटेने सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, आणि कोलकाता हजाराच्या जरा आत. चारही बाजूंना इतकी जुळती अंतरे असलेले दुसरे मोठे ठिकाण सापडणे कठीण. त्या वेळची डाकोटा विमाने ताशी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर वेगाने उडत. शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना जरूर घालावे. मुंबईच्या विमानाला किती वेळ? सुमारे अडीच तास. दिल्लीच्या? तीन तासांहून थोडा जास्त. मद्रासच्या? सव्वातीनच्या पुढे. कलकत्त्याच्या? साडेतीन तासांहून थोडा अधिक. मग चौघांनी बारा वाजता एकत्र यायचे तर आधी कोणी निघायचे? मुले पटकन सांगतील की ज्याचे घर लांब, त्याने लवकर निघायचे. लग्नाच्या मुहूर्ताला निघणाऱ्या वऱ्हाडाचाही हाच हिशेब असतो, नाही का?

इथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. पण आता मी तुम्हाला आमच्या घरातले एक पत्र दाखवणार आहे.

माझे आजोबा दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावी शाळामास्तर होते. पुष्कळ खेड्यांत त्या वेळी शाळामास्तरच पोस्टाचेही काम पाहत. तसे तेही पाहत. त्यांचे थोरले भाऊ दिल्लीला एका कचेरीत कारकून होते. १९६१ च्या पावसाळ्यात त्या भावाने लिहिलेले एक निळे अंतर्देशीय पत्र आजीने शेवटपर्यंत पेटीत जपून ठेवले होते. आता ते माझ्याजवळ आहे. त्यावर दोन शिक्के स्पष्ट वाचता येतात. दिल्लीचा शिक्का सोमवारचा. आमच्या गावचा शनिवारचा. आणि हा दुसरा शिक्का आजोबांनी स्वतःच्या हाताने मारलेला आहे.

पत्रात चारच ओळींचा मुख्य मजकूर आहे. 'ताप हटत नाही. काळजी नसावी. तरी जमल्यास एकदा येऊन जावे.' तार करण्याइतके आजारपण आहे असे लिहिणाऱ्याला वाटले नव्हते.

ते पत्र सोमवारी रात्री दिल्लीहून उडाले असेल तर मध्यरात्री नागपूरला आले. ८५५ किलोमीटर, तीन तास. तिथून रेल्वेने धामणगाव, धामणगावहून मोटारीने यवतमाळ, यवतमाळहून तालुक्याला. बुधवारपर्यंत ते तालुक्याच्या गावी असणार, असे आजोबा सांगत. तिथून आमचे गाव चार कोस, म्हणजे बाराच किलोमीटर. पण मधल्या नाल्याला पूर होता. पूल नव्हता. टपाल आणणारा माणूस रोज काठापर्यंत येई आणि परत जाई. शनिवारी पाणी ओसरले तेव्हा तो थैली डोक्यावर घेऊन उतरला.

त्या थैलीत पत्राबरोबर एक तारही होती. भाऊ गुरुवारी वारल्याची. तारेला दिल्लीहून तालुक्याला यायला काही तासच लागले असतील. तीही त्याच नाल्यापाशी थांबली.

आजोबांनी आधी सगळ्या टपालावर शिक्के मारले, कारण ते सरकारी काम होते. मग तार वाचली. मग पत्र वाचले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. विमानाला त्यांनी कधी दोष दिला नाही, त्या टपालवाल्यालाही दिला नाही. एवढेच म्हणाले, "दिल्ली जवळ होती रे. नाला लांब होता."

श्रोतेहो, मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. वाहतुकीच्या इतिहासाची जी जी पुस्तके मी वाचली, त्यांत वेग वाढत गेल्याचेच वर्णन मला आढळले. वेग वाढला यात शंका नाही. पण तो कुठे वाढला, हे पाहिले पाहिजे. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि मुंबई-नागपूर प्रवास दिवसांवरून तासांवर आला. आपला कापूस मात्र यवतमाळहून बंडीत बसून, मुक्काम करीत धामणगावला जात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी झाली. तिलाच आपण प्रेमाने शकुंतला म्हणतो. ती आपल्या घरची गाडी खरी, पण देश वेगाने पुढे गेला तरी मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकीत होते. वाटेचा मधला मोठा तुकडा दर पिढीला लहान होतो. शेवटचा लहान तुकडा मात्र आहे तसाच राहतो.

आता पारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर देऊ या.

यवतमाळहून मुंबई पाखराच्या वाटेने किती? सुमारे ५७० किलोमीटर. म्हणजे नागपूरपेक्षा आपण मुंबईला शंभरावर किलोमीटर जवळ आहोत. पण आपला मुलगा विमानासाठी आधी मुंबईकडे पाठ करून दीडशे किलोमीटर नागपूरला जातो आणि मग ६८० किलोमीटर उडतो. एकूण झाले ८३०. सडकेचे तीन तास, विमानतळावर आधी जाऊन थांबण्याचे दीड-दोन तास, आकाशातला दीड तास, मुंबईत उतरून मुक्कामी पोचण्याचा तास-दीड तास. झाले की नाही सात-आठ तास? घर खेड्यात असेल तर त्यात एस. टी.ची वाट पाहण्याचा वेळ निराळा. कास्तकाराचा हरवलेला दिवस हा असा सापडतो.

आणि तो आकाशातला दीड तासही पुरता उडण्याचा नसतो. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. त्या हिशेबाने ६८० किलोमीटरला तासही लागू नये. पण धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी रांगेत घिरट्या घेणे, यांत उरलेला वेळ जातो. वाराही हिशेबात येतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. ते नागपूरकडे येताना पाठीशी असतात, मुंबईकडे जाताना तोंडावर. म्हणून एकाच वाटेचा जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो.

अलीकडे आणखी एक सोय झाली. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळ बेलोरा येथून मुंबईसाठी प्रवासी विमान सुरू झाले. बेलोरा यवतमाळच्याच वाटेवर आहे. मुंबईपासून ते सरळ वाटेने सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा १४० किलोमीटर जवळ. तरी सेवा सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात वेळ होता पावणेदोन तास, नागपूरपेक्षा जास्त! कारण तिथे येणारे विमान लहान, पंख्यांचे. त्याचा वेग जेटपेक्षा बराच कमी. आकाशात पाव तास जास्त गेला, पण सडकेवरचे अर्धे अंतर वाचले. एकूण बेरजेत यवतमाळकराचा फायदाच. आपल्या स्वतःच्या यवतमाळला भारी येथे धावपट्टी आहे. पण नुसती धावपट्टी असून गाव जवळ येत नाही. तिच्यावर नियमित विमान उतरावे लागते. रेल्वेचेही तसेच. वर्ध्याहून नांदेडकडे जाणाऱ्या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पूर्ण मार्गाचा उपयोग त्याच्या शेवटच्या तुकड्यावर अवलंबून आहे.

तात्पर्य एवढेच की 'अमुक गाव विमानाने दीड तासावर आले' असे कोणी म्हणाले तर आपण विचारावे, कोणासाठी? अंतर विमानतळापासून मोजायचे नसते. ते घराच्या उंबरठ्यापासून मोजायचे असते. लँबटनने दोन महिने खपून बारा किलोमीटर मोजले, ते अचूक पाहिजेत म्हणून. आमच्या गावचे बारा किलोमीटर कोणी हिशेबात धरले नव्हते, म्हणून तीन तासांत आलेले पत्र तीन दिवस काठावर पडून राहिले.

त्या नाल्यावर पुढे पूल झाला. लहानसाच आहे, मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आजोबा मात्र म्हातारपणी त्यावरून जाताना हटकून थांबत, कठड्याला हात लावत आणि मग पुढे चालू लागत.

शिक्षकबंधूंना शेवटी एक विनंती. आपल्या गावातल्या घराघरांत अजून जुनी पत्रे आहेत. मुलांना ती आणायला सांगा. मजकूर खासगी असेल तर वाचू नका. फक्त शिक्के वाचा. कुठून निघाले, कधी निघाले, कधी पोचले, तेवढे वहीत टिपा. मग नकाशावर अंतर मोजा आणि वेळाने भागा. आपल्या गावचा खरा इतिहास त्या भागाकारात निघेल, आणि आपल्या गावचा नाला कोणता, तेही मुलांना कळेल.